नळ चालू होता

मी बर्नर दुरुस्त करतो असं सांगितलं की लोक मला सरळ स्वयंपाकघरात नेतात. पंचवीस वर्षं हेच चाललं आहे. साडूच्या घराची वास्तुशांती होती, गुरुजी अजून यायचे होते, आणि साडूच्या आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भास्करराव, तेवढी डाव्या बाजूची शेगडी बघता का? निळी ज्योतच येईना." बघितली. दूध उतू जाऊन भोकांत वाळलं होतं. पिनेने टोचून काढलं, ज्योत निळी झाली. त्या दिवसापासून साडूच्या गल्लीत मी गॅसवाला. एका बाईंनी तर माझा नंबर सिलिंडरच्या पुस्तकावर लिहून ठेवला आहे.

माझा बर्नर वेगळा. ट्रॅक्टर, ट्रक, रोलिंग मिलचे ग्रीसने माखलेले भाग हे सगळं धुवायला गरम पाण्याचं प्रेशर मशीन असतं. थंड पाण्याने चिखल निघतो, ग्रीस निघत नाही. तेलकट कढई थंड पाण्याने धुऊन बघा, म्हणजे लक्षात येईल. या मशीनच्या पोटात लोखंडी नळीचं वेटोळं असतं. पाणी त्या वेटोळ्यातून जोरात पळतं आणि वेटोळ्याच्या मधोमध डिझेलची आग भडभडत असते. ती आग लावतो तो बर्नर. त्यात अंगठ्याच्या पेराएवढं एक पितळी नॉझल असतं. त्याच्या बारीक भोकातून डिझेल धुक्यासारखं फवारतं, समोरच्या दोन काड्यांमध्ये ठिणगी उडते, पंखा हवा देतो आणि भक्क. बर्नर नीट पेटला की एकसारखा घुमणारा आवाज येतो. तो अडखळायला लागला की मिस्त्रीला फोन करायची वेळ झाली समजायचं. जालना जिल्ह्यात तो फोन बहुतेक वेळा मला येतो.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा. मी कमी बोलणारा माणूस. बायको म्हणते, या माणसाला मशीनशीच काय ते बोलता येतं. गमती पुष्कळ आहेत, त्या लिहितो. पण सात वर्षं मी एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. गौतम नावाच्या एका माणसाचं नाव मी चार शब्द लिहून खराब केलं. तीही इथे लिहिणार आहे. ती लिहायची नसती तर मी संपादकांना नाहीच म्हटलं असतं.

आधी गमती.

शेगडीला पिन चालते, माझ्या नॉझलला चालत नाही. नॉझलचं भोक केसाएवढं असतं आणि त्याला आतून पीळ असतो. टोचलं की भोक वाकडं होतं, मग फवारा एका अंगाला जातो आणि आग वेटोळ्याची एकच बाजू भाजत बसते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक टोचतं. एमआयडीसीतल्या एका मिलमध्ये एक फोरमन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी बोलावलं म्हणून गेलो, नॉझल काढलं, भिंगाखाली धरलं.

"मामा, कशानं टोचलं?"

"मी कशाला टोचतोय. मला काय अक्कल न्हाई का?"

"मंग हा लाल दोरा कसला?"

मामांनी भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. "बायकोनं गोधडीची सुई दिल्ती," ते म्हणाले, "दोरा काढायचा राह्यला."

त्यानंतर मामा दर दिवाळीला मला फराळाचा डबा पाठवायचे आणि डब्याला लाल दोरा बांधलेला असायचा.

जांब समर्थच्या एका आचाऱ्याची गोष्ट अशीच. जत्रेच्या पंगतींना त्यांच्याकडे माणूस उभा राहील एवढ्या कढया. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की गरम पाण्याच्या मशीनने कढई दोन मिनिटांत धुतली जाते. जुनं मशीन घेतलं, मला बर्नर जोडायला बोलावलं. मी म्हणालो, महाराज, याला जोर फार असतो, लांबून मारा. महाराजांनी जवळून मारलं. कढई स्वच्छ निघाली हे खरं. पण शेजारी वाळत घातलेल्या पत्रावळींची चळत उडाली ती थेट पंगतीत, आणि एक झारा कुठे गेला तो आजतागायत सापडलेला नाही. महाराज उजव्या हातात पाणी फवारायची गन धरून, डाव्या हाताने धोतर सांभाळत म्हणाले, "मिस्त्री, ह्याला बारीक करायचं बटन कुठंय?"

आणि कौसाबाई. अंबड रोडला एक वॉशिंग सेंटर आहे, त्याच्या मागच्या घरात कौसाबाई राहतात. ऐन कुरडयांचे दिवस. गच्चीवर पांढरीशुभ्र कुरडई वाळत घातलेली आणि सेंटरच्या धुराड्यातून काळ्या धुराचे लोट. संध्याकाळपर्यंत कुरडईवर तीळ लावल्यासारखे ठिपके. बाई परात घेऊन सेंटरवर आल्या, मालकाने मला फोन लावला आणि स्वतः डिझेल आणायच्या नावाखाली पसार झाला.

धुराचं एक सोपं गणित आहे. धूर काळा असेल तर हवा कमी पडते. पांढरा असेल, डोळ्यांत झोंबत असेल, तर डिझेल न जळता तसंच बाहेर जातं. ठिणगी कमजोर, नाहीतर डिझेलमध्ये पाणी. इथे मालकाने डिझेल वाचवायचं म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करून ठेवली होती. म्हणजे डिझेल तेवढंच जळायचं, वर काजळी फुकट. मी झडप उघडली, काजळी खरवडली, दोन काड्यांमधलं अंतर नीट केलं. निघालो तर बाईंनी वाट अडवली.

"मिस्त्री, तुमी जाऊ नका. बसा इथं." त्यांनी दोरीवर पांढरं धोतर टाकलं, मशीन चालू करायला लावलं, आणि अर्धा तास मला ओट्यावर बसवून ठेवलं. धोतर पांढरं राहिलं तेव्हा सुटका झाली. जाता जाता आतून तळलेल्या कुरडया आणल्या. त्याच, ठिपक्यांच्या.

"खाऊन बघा. डिझेलचा वास येतो का सांगा."

मी खाल्ली. येत होता.

"न्हाई, बिलकुल न्हाई," मी म्हणालो.

बाईंचा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, कोणाला समाधान मिळत असेल तर एवढं खोटं चालतं. आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, खोटं बोलताना माझा चेहरा किती शांत राहतो हे मला त्या ओट्यावर पहिल्यांदा समजलं.

आता थोडं कंटाळवाणं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या मशीनचा एकच मोठा कायदा आहे: पाणी वाहत असेल तरच आग. हातातल्या गनचा खटका दाबला की पाणी वाहतं, आग पेटते. खटका सोडला की पाणी थांबतं, आग विझते. हा कायदा पाळायला पाण्याच्या वाटेवर बोटाएवढा एक स्विच बसवलेला असतो. पाण्याचा धक्का लागला तर तो बर्नरला वीज जाऊ देतो, नाहीतर नाही. समजा हा स्विच नसला आणि पाणी थांबलं, तरी आग जळतच राहते. वेटोळ्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ कुठूनतरी बाहेर पडणारच.

आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की स्विचमध्ये क्षार साठून तो सारखा अडकतो. नवीन स्विच संभाजीनगरहून मागवावा लागतो, दोन दिवस जातात. आणि गिऱ्हाइकाला दोन तास दम निघत नाही. मग मिस्त्री काय करतो, तर स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतो. याला आम्ही डायरेक्ट करणं म्हणतो. मशीनला वाटतं पाणी वाहतच आहे. डायरेक्ट करताना सगळे मिस्त्री म्हणतात, तात्पुरतं आहे. मी अशी तात्पुरती मशीनं चार-चार वर्षं चाललेली बघितली आहेत. त्यात एकच नियम पाळायचा असतो: चालवणाऱ्याला सांगायचं. बाबा, आता आग आपोआप विझणार नाही, खटका सोडायच्या आधी बर्नरचं बटण बंद कर. एवढं सांगितलं की धकून जातं.

हसनाबादच्या अलीकडे रोडला लागूनच साहेबरावांचं वॉशिंग सेंटर. मशीन चालवायला गौतम. शेजारच्याच गावचा, तेव्हा पस्तिशीचा असेल. मी इतके चालवणारे बघितले, पण त्याच्यासारखा कान कोणाला नव्हता. मी गाडी लावतो न लावतो तोच म्हणायचा, "जयभीम मिस्त्री. आज आवाज फाटून राह्यलाय. नॉझल न्हाई, पंख्याकडून आहे." झाकण उघडलं की पंख्याच्या पात्यात वाळकं पान अडकलेलं. पाणी आणि आगीचा कायदा मीच त्याला शिकवला होता. तो एकदाच ऐकायचा. टोचाटोची त्याने कधी केली नाही. साहेबराव मला भास्करराव म्हणायचे आणि त्याला गौतम्या. त्यात मला काही खटकलं होतं असं म्हणणं खोटं होईल.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साहेबरावांचा फोन आला. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं, गाड्या, मशीनं पुजतात, त्यामुळे त्याआधीचे दोन दिवस अख्ख्या तालुक्याला ट्रॅक्टर धुवायचे असतात. गेलो तर रोडपर्यंत रांग. बर्नर पेटेना. स्विच अडकला होता. मी तो उघडून क्षार खरवडायला लागलो, घाईत जोर जास्त लागला आणि आतला नाजूक तुकडा माझ्याच हातून तुटला. हे मी साहेबरावांना सांगितलं नाही.

"काय करायचं ते करा, भास्करराव," ते म्हणाले, "पण जल्दी चालू करा. हे लोक माझ्या डोक्यावर बसलेत."

मी वायरी जोडल्या. बर्नर पेटला. "झालं चालू," मी म्हणालो. गौतम तेव्हा मोटारसायकलवर कॅन बांधून डिझेल आणायला गेला होता. त्याला सांगायचं म्हणून मी दहा मिनिटं थांबलो. मग दुसऱ्या सेंटरचा फोन आला, मग तिसऱ्याचा. वाटेत फोन करून सांगू म्हणालो आणि निघालो. वाटेत विसरलो. एवढंच. यात वाईट हेतू नव्हता, नुसता विसर होता. पुढे जे केलं त्याला मात्र विसर म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. नळी फुटली, गौतम भाजला.

झालं ते असं. शेजारच्या नवरात्र मंडळाचा भोंगा आदल्या दिवसापासून मोठ्याने चालू होता, आणि रांगेमुळे तोवर खटका फार वेळ सुटलाच नव्हता. गौतमने रोजच्यासारखा खटका सोडला आणि पुढचा ट्रॅक्टर घ्यायला गेला. आग विझली नाही. त्याच्या कानांना ती ऐकू आली असती, पण त्या भोंग्यात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. परत येऊन त्याने खटका दाबला तर पाण्याऐवजी वाफ, आणि गनजवळच्या सांध्यातून नळी फाटली. डावा हात कोपरापर्यंत.

मी पोचलो तेव्हा तो डॉक्टरकडून हात बांधून आला होता, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला होता. साहेबराव येरझाऱ्या घालत होते. मी सरळ मशीनपाशी बसलो, झाकण उघडलं, जोडलेली वायर पक्कडीने कापली आणि खिशात टाकली. मग उठून उभा राहिलो.

"कशानं झालं हे?" साहेबरावांनी विचारलं.

"मशीनकडं येणारा पाण्याचा नळ बंद ठेवून मशीन चालवलं असंल," मी म्हणालो. "आत वाफ झाली. त्या गरमीनं स्विच पण तुटला."

मशीनला एक कार्ड बांधलेलं असतं, प्रत्येक वेळी मिस्त्री त्यावर काय झालं ते लिहितो. मी लिहिलं: नळ बंद. चालवणाऱ्याची चूक. खाली सही केली.

थोडं कळणाऱ्या माणसाने हे वाक्य हसून उडवलं असतं. नळ बंद असता तर पाणी वाहिलंच नसतं आणि त्या स्विचने बर्नर पेटूच दिला नसता. पण तिथे हे कळणारे दोघंच होते. एकाने ते कार्डावर लिहिलं होतं. दुसरा क्रेटवर बसला होता.

मी अवजारांची पेटी उचलून निघालो तेव्हा तो हळू आवाजात मला एकट्याला म्हणाला, "नळ चालू होता, मिस्त्री."

मी गाडीला किक मारली.

साहेबरावांनी त्याला काढलं. आसपासच्या सेंटरांवर बातमी गेली, नळ बंद ठेवून मशीन फोडणारा म्हणून. ती सगळ्यांना लगेच पटली. कोणावर घेतलेला आळ आमच्याकडे पटकन पटतो आणि कोणावरचा पटत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं, त्याबद्दल बोलत मात्र कोणी नाही. साहेबरावांच्या मेहुण्याने तेच मशीन तसं फोडलं असतं तर मी कार्डावर तेच चार शब्द लिहिले असते का? सात वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारला आहे. उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

गौतमला नंतर मशीन कोणी दिलं नाही. एमआयडीसीत एका मिलच्या यार्डात भंगार उचलायला लागल्याचं कळलं. मला एक-दोनदा सकाळच्या टेम्पोत दिसला, मागे उभा, उजव्या हाताने दांडा धरलेला. मी गाडी हळू करून टेम्पो पुढे जाऊ दिला.

माझा धंदा छान चालला. डायरेक्ट करणं मात्र मी बंद केलं. गिऱ्हाईक चिडायचं, म्हणायचं, मिस्त्री तुम्ही फार नियमाचे झालात. लोकांनी त्याबद्दल माझं कौतुकही केलं, आणि ते मी ऐकून घेतलं.

मागच्या वर्षी एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात गरम पाण्याचं नवीन मशीन आलं. बियाण्याला औषधाचा गुलाबी रंग देतात, तो ट्रेला असा चिकटतो की थंड पाण्याला दाद देत नाही. तिथले मेंटेनन्सचे जाधव साहेब. माझ्याशी वर्षाच्या देखभालीचा करार करायचा होता, कागद टेबलावरच होता. चहा आला. साहेब म्हणाले, "मिस्त्री, चालवायला माणूस पाहिजे. एक गौतम म्हणून आलाय अर्ज घेऊन. बोलायला बराबर वाटला. पण त्यानं आधी जिथं काम केलं त्या मालकाला फोन केला, तर ते म्हणले, नळ बंद ठेवून मशीन फोडलं त्यानं, मिस्त्रीनं लिहून दिलंय. तुम्ही या लाइनीतले. ऐकलंय का काही?"

कोणत्या मिस्त्रीने, हे त्यांना माहीत नव्हतं. मी नुसतं "ऐकलंय" म्हणालो असतो तरी पुरलं असतं. काही न बोलता चहा प्यायलो असतो तरी पुरलं असतं. दुसऱ्या कोणाला तरी घेतलं असतं आणि गौतम टेम्पोच्या मागे उभा राहूनच जात राहिला असता. तो दांडा धरलेला हात माझ्या डोळ्यांसमोर आला.

"साहेब, नळ चालू होता," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. तुटलेला तुकडा, जोडलेली वायर, पक्कड, कार्ड. माझा आवाज वर-खाली झाला नाही, याची मलाच लाज वाटली. साहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी करारावर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे ज्यानं माणूस भाजला, त्याच्या हातात मी मशीन द्यायचं?"

"ते तुम्ही ठरवा. पण त्याला घ्या."

"त्याला तर घेतोच." त्यांनी कागद आपल्याकडे ओढला. "तुमचं त्यालाच विचारतो."

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवून म्हणाली, "म्हणून तुम्ही खंडेनवमीला पेटीला हळद-कुंकू लावत न्हाई." तिने हे सात वर्षं बघितलं होतं आणि विचारलं नव्हतं. आमच्या घरात कमी बोलणारा मी एकटाच आहे असं मी समजत होतो.

साहेबरावांकडे फोन न करता स्वतः गेलो. चार-पाच ट्रॅक्टरवाले बसले होते, त्यांच्यासमोर सांगितलं. साहेबराव खुर्चीत सरकले. "सात वर्षांनी कशाला उकरून काढता, भास्करराव. होतं असं घाईत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, आलातच तर तेवढं बघा, पांढरा धूर सोडून राह्यलंय." मी म्हणालो, आधी कारखान्यात फोन करा. त्यांनी तो माझ्यासमोर केला, नाखुशीने, पण केला. जुनं कार्ड शोधलं तर सापडलं नाही. नवीन कार्डावर मी लिहिलं की त्या दिवशी नळ चालू होता आणि चूक मिस्त्रीची होती. नंतर डिझेलच्या टाकीतलं पाणी काढून दिलं. ट्रॅक्टरवाल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ मला गाडीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "त्याच्या गावात पण सांगा." त्याच्या गावातही गेलो. तिथलं लिहीत नाही, ते लोक माझ्याशी वाईट वागले नाहीत आणि तेच जड गेलं.

आठवड्याने कारखान्यातून बोलावणं आलं. गौतम मशीनपाशी उभा होता. निळी वर्दी, बाह्या खाली. साहेबांनी त्याला विचारलं होतं, हे मिस्त्री नको असतील तर दुसरा बघू. तो म्हणाला होता, हात चांगला आहे त्यांचा, राहू द्या, पण मी बघितल्याशिवाय झाकण लावायचं नाही. साहेबांनी हे माझ्यासमोर पुन्हा सांगितलं आणि आत निघून गेले.

"गौतमभाऊ," मी म्हणालो. आधी कधी म्हणालो नव्हतो.

"बोला मिस्त्री."

"माझ्याकडून फार वाईट झालं."

"हो," तो म्हणाला. मग पाण्याच्या पाइपकडे बघत राहिला. "हाताचं काय न्हाई. हात भरून आला. माझा बाप दोन वर्षांमागं गेला. शेवटपर्यंत मला विचारायचा, बाळा, तू नळ का बंद केल्ता? मी म्हणायचो, दादा, चालू होता. तो म्हणायचा, मंग मिस्त्री कशाला लिहील?"

मी पेटी उघडून कामाला बसलो. पुढे या लेखाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिहा. माझं नाव बदलू नका. बापाला न्हाई कळलं, पण बाकीचे वाचतील." म्हणून नाव तेच ठेवलं आहे.

महिन्यातून एकदा मी त्या कारखान्यात जातो. नॉझल बदलतो, काजळी काढतो, डिझेलची जाळी धुतो, काड्यांमधलं अंतर बघतो, क्षार काढून स्विच परत बसवतो. काम झालं की झाकण हातात धरून बाजूला उभा राहतो. गौतम येतो, खाली बसतो, टॉर्च लावतो आणि एकेक वायर बोटाने हलवून बघतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. घाई करत नाही. मग गन घेऊन खटका दाबतो, आग पेटू देतो, खटका सोडतो आणि ती विझताना कान देऊन ऐकतो. असं तीन वेळा. पहिल्या महिन्यात तीन वेळा होतं, आजही तीनच वेळा आहे.

मग तो टॉर्च बंद करतो आणि म्हणतो, "लावा."

मी झाकण लावतो.